फ्लूची लस मोफत मिळत नाही, स्वतःच्या पैशाने घ्यायची आहे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लस टोचायचं काम करते आणि फ्लूचा सीझन जवळ आला की दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मोफत लसीच्या यादीत आपण बसत नाही असं कळलं की बरेच लोक "मग आपल्याला लागतच नसेल" म्हणून विषय सोडून देतात, आणि हाच समज मला सगळ्यात जास्त खटकतो. मोफतचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते तुमच्या तिथले बघा, पण लस कशी काम करते, विकत घेताना काय बघायचं, कोणाला चालते कोणाला नाही हे बहुतेक सगळीकडे सारखंच आहे.

यादीत नाव नाही म्हणजे मला गरज नाही असंच ना?

नाही हो. यादी करणाऱ्यांपुढे डोस मर्यादित असतात, पैसे मर्यादित असतात, त्यामुळे ते विचार करतात की फ्लू झाला तर कोणाला ॲडमिट करावं लागेल, कोणाच्या जिवावर बेतेल, त्यांना आधी देऊ. म्हणून वयस्कर माणसं, गरोदर बायका, लहान मुलं, जुनाट आजार असलेले आणि दवाखान्यात काम करणारे असे गट बहुतेक याद्यांमध्ये दिसतात. बाकीच्यांना लसीचा उपयोग नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात साधारण १०० कोटी लोकांना फ्लू होतो, त्यातले ३० ते ५० लाख गंभीर आजारी पडतात आणि श्वसनाच्या त्रासाने २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं जातात. धडधाकट माणसाचा धोका कमी आहे हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नाही.

मी खरंच यादीत नाही हे आधी कसं पक्कं करू?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि खरं तर पहिला हाच विचारायला हवा, कारण कितीतरी जणांचा मोफतचा हक्क असतो आणि ते उगाच खिशातून पैसे घालतात. माणसं फक्त वयाची अट बघतात, माझं वय बसत नाही, संपलं. पण वयाशिवायही बरीच कारणं असतात. दमा आहे का, असं विचारलं की लोक नाही म्हणतात आणि मग दोन वाक्यांनंतर सांगतात की पंप रोज घेतो. डायबेटिस गोळ्यांवर कंट्रोलमध्ये आहे म्हणून तो आजार धरतच नाहीत. किडनीचा, लिव्हरचा, हृदयाचा जुना त्रास, पूर्वी झालेला पॅरालिसिस, प्लीहा काढलेली असणं, खूप जास्त वजन, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं (संधिवातासाठी सुद्धा असतात ती), केमो चालू असणं, हे सगळं बऱ्याच ठिकाणी मोजलं जातं. काही ठिकाणी तर तुम्ही स्वतः ठणठणीत असाल पण घरात कॅन्सरचा पेशंट असेल किंवा म्हाताऱ्या आईवडिलांचं सगळं तुम्हीच करत असाल तरी मोफत मिळते.

त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांना किंवा तुमच्या आरोग्य योजनेला फोन करून आपले आजार आणि औषधं सगळी सांगायची आणि मग विचारायचं. पैसे देऊन लस घेतली आणि नंतर कळलं की मोफत मिळत होती, तर पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. आणि परिस्थिती दरवर्षी बदलते, मागच्या वर्षी नाही म्हणाले म्हणून यंदाही नाहीच असं धरायचं कारण नाही.

मला फ्लू झाला तरी दोन दिवसांत बरं वाटेल, मग कशाला खर्च?

दोन दिवसांत बरं वाटतं ते बहुतेक वेळा साधं सर्दी-पडसं असतं. फ्लू सांगून येत नाही. सकाळी माणूस कामावर गेलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत अंग मोडून येतं, हुडहुडी भरते, ताप चढतो, डोळे हलवले तरी दुखतात, उठून पाणी घ्यायला जायचं म्हटलं तरी जिवावर येतं. ताप तीन-चार दिवसांत उतरतो पण खोकला आणि थकवा दोन-दोन आठवडे रेंगाळतो. ज्यांचं पोट रोजच्या कामावर आहे, ज्यांना बिनपगारी रजा पडते त्यांनी हा हिशोब लसीच्या किमतीसमोर मांडून बघावा.

दुसरं म्हणजे फ्लू फुफ्फुसापुरता राहतो असं नाही. कॅनडातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात टेस्ट करून फ्लू नक्की झालेल्या लोकांमध्ये पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीपेक्षा साधारण सहापट दिसलं. चाळिशी-पन्नाशीत बीपी कधी मोजलेलंच नाही आणि "मला काही नाही" म्हणणारी माणसं असतात ना, त्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आणि तिसरं, लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच तुम्ही दुसऱ्याला फ्लू देऊ शकता. म्हणजे बरं नाही वाटत म्हणून आजीपासून लांब बसायचं ठरवाल तोपर्यंत उशीर झालेला असतो.

लस कधी घ्यायची?

टोचल्यानंतर अंगात पुरेशी ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून तुमच्या भागात फ्लू पसरायला लागायच्या आधी घेतलेली बरी. उत्तर गोलार्धात थंडीच्या आधी, दक्षिण गोलार्धात त्यांच्या थंडीच्या आधी म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, आणि उष्ण प्रदेशात बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात फ्लू वाढतो, काही ठिकाणी वर्षभर थोडा थोडा चालूच असतो, तिथे डॉक्टरांना विचारून ठरवायचं. अगदी चार-पाच महिने आधी घाई करून घेऊ नका, कारण लसीचा जोर हळूहळू ओसरतो आणि वयस्कर माणसांमध्ये तो जरा लवकर ओसरतो.

पैसे देऊन घेणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, साठा आला की पहिल्या काही आठवड्यांतच भराभर बुकिंग होतं आणि मधूनच लस संपते पण. आठवण झाली त्याच दिवशी नंबर लावा.

सीझन सुरू झालाय, आता घेऊन काय फायदा?

आहे फायदा. सीझन अनेक आठवडे चालतो, कधी एक लाट ओसरून दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची लाट येते. घरात एकाला फ्लू झालाय म्हणून आज लस घेतली तर त्या फ्लूपासून लगेच वाचाल असं नाही, पण पुढच्यासाठी उपयोग होतो. फक्त सीझन अगदी संपत आला असेल तर मात्र पुढच्या सीझनची नवी लस यायची वाट बघणं जास्त शहाणपणाचं, याबाबत लस देणाऱ्याला सरळ विचारा.

कुठे मिळते?

खासगी दवाखाने, हॉस्पिटलचं लसीकरण सेंटर, ट्रॅव्हल क्लिनिक, काही देशांमध्ये लस द्यायची परवानगी असलेली मेडिकल स्टोअर्स, आणि ऑफिसात कंपनीने लावलेले कॅम्प. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ. जिथे घ्याल तिथे दोन गोष्टी असल्याच पाहिजेत, एक म्हणजे लस देणारा माणूस शिकलेला आणि परवानगी असलेला हवा, आणि दुसरं म्हणजे अचानक जोराची ॲलर्जी आली तर लागणारं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी हवं. विचारायला संकोच वाटून घेऊ नका, चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही.

मेडिकलमधून लस विकत घेऊन घराजवळच्या ओळखीच्या नर्सकडून टोचून घेतली तर?

यात माझा जीव खालीवर होतो, खरं सांगते. फ्लूची लस २ ते ८ डिग्रीमध्ये ठेवावी लागते, कारखान्यातून निघाल्यापासून तुमच्या दंडात जाईपर्यंत. दुकानाच्या फ्रीजमधून काढून पिशवीत टाकली, मग वाटेत आणखी दोन कामं केली, गाडीच्या डिकीत ऊन लागलं, तर ती गरम होते आणि तिचा जोर कमी होतो, आणि वाईट म्हणजे बघून काही कळत नाही, ती दिसायला तशीच दिसते. याच्या उलट चूक पण होते. लोक काळजीने लस थेट बर्फावर ठेवतात किंवा घरी आणून फ्रीजरमध्ये टाकतात. एकदा गोठलेली फ्लूची लस नंतर वितळली तरी वापरायची नसते, फेकून द्यायची. घरच्या फ्रीजमध्ये दरवाजाच्या कप्प्यात ठेवली तर दार उघडझाप होताना तापमान वरखाली होतं, आणि मागच्या भिंतीला चिकटून ठेवली तर गोठू शकते.

म्हणून जिथे साठवली तिथेच टोचून घेणं सगळ्यात चांगलं. अगदी इलाज नसेल, अंथरुणावरच्या माणसाला घरीच द्यायची असेल तर घरी येऊन लस देणाऱ्या सेवेला बोलवा, त्यांच्याकडे कोल्ड बॉक्स आणि आत थर्मामीटर असतो, आणि लस देऊन झाल्यावर त्यांना पंधरा मिनिटं थांबायला सांगा.

पैसे देऊन मिळणारी लस मोफतच्या लसीपेक्षा भारी असते का?

नाही. कोणते विषाणू लसीत घालायचे हे कंपनी स्वतः ठरवत नाही. १९५२ पासून जगभरातल्या प्रयोगशाळांचं एक जाळं काम करतंय, ते वर्षभर पेशंटचे नमुने तपासतं आणि त्यावरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा शिफारस करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. सगळ्या कंपन्या त्याच यादीवरून लस बनवतात. पैसे देऊन घेतली म्हणून वेगळे, जास्तीचे विषाणू त्यात येत नाहीत.

मग तीन प्रकारची लस घेऊ की चार प्रकारची? चार म्हणजे जास्त ना?

आधी लसीत चार विषाणू असायचे, दोन ए गटातले (एच१एन१ आणि एच३एन२) आणि दोन बी गटातले, व्हिक्टोरिया आणि यामागाता. गंमत म्हणजे मार्च २०२० नंतर बी यामागाता हा प्रकार लोकांमध्ये पसरताना नक्की असा सापडलेलाच नाही. कोविडच्या काळात सगळे घरात बसले, प्रवास थांबले, त्यात तो मागे पडला असावा. त्यामुळे सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की तो लसीत घालायची आता गरज नाही, आणि बऱ्याच देशांनी परत तीनची, म्हणजे ट्रायव्हॅलंट लस सुरू केली. कुठे अजून चारची मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, अपाय काही नाही, पण "चारवाली आहे म्हणून जास्त पैसे" असं कोणी म्हणालं तर ते पटवून घेऊ नका. यंदाच्या सीझनची आहे ना, हे बघणं त्यापेक्षा फार महत्त्वाचं.

हाय डोस लस म्हणून महागडी सांगताहेत, ती घेऊ का?

ती मुख्यतः वयस्कर लोकांसाठी आहे. साध्या लसीत प्रत्येक विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम अँटिजेन (विषाणूचा तो भाग जो ओळखून शरीर संरक्षण तयार करतं) असतं, हाय डोसमध्ये ६०, म्हणजे चौपट, कारण वय वाढलं की शरीर साध्या डोसला तितका प्रतिसाद देत नाही. शरीराचा प्रतिसाद वाढवणारा घटक घातलेली एक लस पण त्याच कारणासाठी असते. वयाची अट देशाप्रमाणे बदलते. तुमचे आईवडील साठी-पासष्टीच्या पुढचे असतील आणि ही लस मिळत असेल, परवडत असेल तर जरूर विचारा. तिशीतल्या माणसाला ती लागत नाही, साधी पुरते. आणि वयस्कर माणसासाठी हाय डोस मिळाली नाही म्हणून वाट बघत बसू नका, जी मिळते ती घ्या.

खोक्यावर नेमकं काय बघायचं?

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि मी स्वतः पेशंटला खोकं हातात देते. एक, सीझन, म्हणजे कोणत्या वर्षाची आणि कोणत्या गोलार्धाची ते छापलेलं असतं. दोन, एक्सपायरी. तीन, बॅच नंबर, याचा फोटो काढून ठेवा. चार, कोणत्या वयासाठी आहे ते. सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. बहुतेक लसी भरलेल्या सिरिंजमध्येच येतात, ०.५ मिलीलिटर, बघायला पाण्यासारख्या किंवा किंचित दुधाळ, आणि देण्याआधी हलवून घेतात.

आणि एक घोटाळा सांभाळा. लहान बाळांना हिब नावाची लस देतात, तिच्या पूर्ण नावात इन्फ्लुएंझा हा शब्द आहे पण ती एका जिवाणूविरुद्धची लस आहे, फ्लूशी तिचा काही संबंध नाही. बाळाच्या कार्डावर तो शब्द वाचून "फ्लूची झालीये आमची" असं आईबाप खात्रीने सांगतात. झालेली नसते.

अंड्याची ॲलर्जी आहे, चालेल?

बहुतेकांना चालते. फ्लूच्या पुष्कळ लसी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून बनवतात, त्यामुळे अंड्याचा अंश अगदी नावापुरता राहतो. आता अमेरिकेसारख्या देशांत तर अंड्याच्या ॲलर्जीवाल्यांना वेगळी काळजी घ्यायला सांगत नाहीत. पण सगळीकडे नियम तितके सैल नाहीत, आणि अंडं खाऊन पूर्वी श्वास अडकला असेल, ॲडमिट व्हावं लागलं असेल तर आधी सांगा. पेशींमध्ये वाढवलेल्या किंवा रीकॉम्बिनंट पद्धतीच्या (विषाणूचं फक्त प्रोटीन प्रयोगशाळेत तयार करून केलेल्या), अंडं न वापरता केलेल्या लसी पण असतात, त्या मिळतात का विचारा. शाकाहारी लोक पण हे विचारतात, त्यांनाही हेच उत्तर.

कोणी घेऊ नये किंवा थांबावं?

आधीच्या फ्लू लसीने किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकाने जोराची ॲलर्जी आली असेल तर नाही. पूर्वी गिलन बारे सिंड्रोम (नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाणारा आजार) झाला असेल, विशेषतः फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही. आज ताप आहे, बरंच आजारी वाटतंय, तर बरं झाल्यावर या. साधी सर्दी, नाक वाहतंय एवढ्याने थांबायची गरज नाही, अँटिबायोटिक चालू असेल तरी चालतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर सांगा, बारीक सुई वापरतात आणि नंतर दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही.

नाकात मारायचा स्प्रे ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे, ती गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना देत नाहीत. इंजेक्शनवाल्या लसीत जिवंत विषाणू नसतो.

मुलांना एक डोस की दोन?

सहा महिने ते आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच फ्लूची लस देताय तर बहुतेक ठिकाणी दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. पुढच्या वर्षापासून एकच. पैसे देऊन घेणाऱ्यांनी हा दुसरा डोस आधीच हिशोबात धरा, आणि दुसऱ्याची तारीख पहिल्या दिवशीच घेऊन ठेवा, नाहीतर पहिला घेऊन लोक परत येतच नाहीत आणि मुलाला अर्धवटच संरक्षण मिळतं.

गरोदरपणात?

घ्यावी, कुठल्याही महिन्यात चालते, इंजेक्शनवालीच. आईकडून बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांसाठी संरक्षण जातं, आणि त्या वयात बाळाला स्वतःला लस देताच येत नाही. बऱ्याच देशांत ही मोफत असते, पैसे द्यायच्या आधी विचारा.

लसीमुळेच फ्लू होतो असं म्हणतात?

इंजेक्शनच्या लसीने होऊच शकत नाही, त्यात मेलेल्या विषाणूचे तुकडे किंवा नुसतं प्रोटीन असतं. मग लोकांना तसं का वाटतं? कारण एक-दोन दिवस कणकण येते, अंग दुखतं, डोकं जड होतं, ते शरीर कामाला लागल्याचं लक्षण आहे. शिवाय लस घेतात त्याच दिवसांत सर्दीचे इतर शेकडो विषाणू फिरत असतात, ते गाठतात. आणि दोन आठवडे पूर्ण व्हायच्या आत खरा फ्लू पण होऊ शकतो. तिन्हीचं खापर सुईवर फुटतं.

घेऊनही फ्लू झाला, मग पैसे पाण्यातच गेले ना?

लस आणि फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला बसला तर फ्लूने डॉक्टरकडे जायची वेळ येण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, मेळ बसला नाही तर त्याहून कमी. शंभर टक्के कोणीच सांगत नाही, आणि सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण लस घेतलेल्या माणसाला फ्लू झाला तरी ॲडमिट होण्याची, आयसीयूत जाण्याची शक्यता कमी राहते. मला विचाराल तर पैसे या दुसऱ्या गोष्टीसाठी द्यायचे. आणि झालाच फ्लू आणि तुम्ही जोखमीच्या गटात असाल किंवा त्रास वाढत असेल तर लवकर डॉक्टरांकडे जा, फ्लूवरची ओसेल्टामिव्हिरसारखी औषधं पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात.

दरवर्षी का घ्यायची?

दोन कारणं. विषाणू सतत थोडा थोडा बदलत राहतो त्यामुळे लसही बदलावी लागते, आणि अंगातलं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं. यादी तीच राहिली, एकही विषाणू बदलला नाही तरी नवा डोस घ्यायचा असतो.

घरात सगळ्यांना परवडत नाही, कोणाला द्यायची?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. चार-पाच माणसांचं घर असेल तर एकदम खर्च मोठा होतो, दरवर्षीचा होतो.

मी असं सुचवते. आधी कोणाला मोफत मिळते ते सगळं वापरून घ्या, आजी-आजोबा, बाळ, गरोदर सून, डायबेटिसवाले बाबा. मग उरलेल्यांत बघा की ज्याला फ्लू झाला तर गंभीर होईल पण यादीत बसत नाही असा कोणी आहे का, म्हणजे वयाच्या अटीला एक-दोन वर्षं कमी पडणारा, धूम्रपान करणारा, सारखा खोकणारा. त्याला पहिली. त्यानंतर घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाजवळ जो दिवसभर असतो तो, आईचं औषधपाणी करणारी मुलगी, तान्ह्या बाळाचा बाप, सांभाळणारी बाई. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला स्वतःला लस नाहीच, त्याच्याभोवतीची माणसंच त्याची भिंत. त्यानंतर शाळेत जाणारी मुलं, कारण मुलं फ्लू घरात आणतात आणि मोठ्यांपेक्षा जास्त दिवस पसरवतात. शेवटी बाकीचे धडधाकट. हा क्रम काही दगडावरची रेघ नाही, घर बघून बदला.

पैसे नेमके कशाकशाचे लागतात?

लसीची किंमत, टोचण्याचे पैसे, आणि काही ठिकाणी तपासणीची वेगळी फी. फोनवर नुसतं "लस केवढ्याला" विचारलं की पहिलाच आकडा सांगतात आणि तिथे गेल्यावर बिल वाढतं, म्हणून "सगळं धरून किती" असं विचारा. कंपनीच्या एचआरला पण विचारा, कितीतरी कंपन्या कॅम्प लावतात किंवा पावती दिली की पैसे परत देतात, आणि नव्या माणसांना हे कोणी सांगत नाही. आरोग्य विम्यातही कधी लसीकरण बसतं. पावतीवर तुमचं नाव, लसीचं नाव आणि तारीख असू द्या.

कोविडची किंवा दुसरी लस त्याच दिवशी घेतली तर?

चालते, सहसा दुसऱ्या दंडात देतात. दंड दोन्ही दुखतील एवढंच. नुकतीच दुसरी कोणती लस झाली असेल तर सांगा.

त्या दिवशी काय तयारी करू?

सैल बाहीचा कपडा घाला, घट्ट फुल बाही वर सरकवून दंडाचा वरचा भाग मोकळा होत नाही आणि मग इंजेक्शन चुकीच्या जागी खाली जातं. उपाशीपोटी येऊ नका. औषधांची यादी मोबाईलमध्ये ठेवा. सुईची भीती वाटते, पूर्वी चक्कर आलीये, तर आधी सांगा, आम्ही झोपवून देतो, मोठमोठी दणकट माणसं झोपून घेतात, त्यात काही वाटून घ्यायचं नाही. दंड सैल सोडायचा, आवळून धरला की जास्त दुखतं. झाल्यावर पंधरा मिनिटं बसायचं आणि लगेच गाडी चालवायची नाही.

सरकारी योजनेत घेतली नाही, मग नोंद कुठे राहणार?

हीच अडचण होते. खासगीत घेतलेल्या लसीची नोंद आपोआप तुमच्या डॉक्टरकडे जाईलच असं नाही. तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर आणि कोणत्या दंडात, एवढं लिहिलेलं कार्ड मागा आणि त्याची कॉपी नेहमीच्या डॉक्टरांना द्या. नाहीतर चुकून दुसऱ्यांदा दिली जाते, किंवा पुढे कधी ॲलर्जी आली तर कोणती लस होती तेच सापडत नाही.

घरी आल्यावर काय नॉर्मल आणि कधी धावायचं?

दंड दुखणं, लाल होणं, हाताला गाठीसारखं लागणं, थोडा ताप, थकवा हे एक-दोन दिवसांत जातं. हात हलवत ठेवा, थंड पट्टी ठेवा, एरवी चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या. जोराची ॲलर्जी फार क्वचित, दहा लाख डोसांत एखाददुसऱ्यालाच होते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर काही तासांत कळते, ओठ-चेहरा सुजतो, अंगावर गांधी उठतात, श्वास घ्यायला त्रास होतो, अशा वेळी सरळ इमर्जन्सीला जायचं. गिलन बारे सिंड्रोमचा वाढीव धोका दहा लाखांत एक-दोन जणांइतका धरतात, आणि फ्लू होऊनही तो आजार होऊ शकतो. त्यात पुढच्या काही आठवड्यांत पायांपासून वर चढत जाणारा मुंग्या-बधिरपणा आणि अशक्तपणा येतो, तसं वाटलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला किंवा दंडाची सूज वाढतच चालली तरी फोन करा, आणि लसीचं कार्ड सोबत न्या.